ऑपरेशननंतर उरलेले दुखणे

ऑपरेशन झाले म्हणजे दुखणे गेले, असा हिशेब सगळीकडे मांडला जातो. पैसे भरले, टाके निघाले, माणूस घरी आला, आता तो पूर्वीसारखा कामाला लागणार. पुष्कळ वेळा तसे होतेही, आणि त्याबद्दल अल्लाहचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण काही घरांत टाके निघतात आणि दुखणे राहते. आमचे घर त्यांपैकी एक आहे. अशा घरांबद्दल फारसे बोलले जात नाही, म्हणून हा लेख.

आम्ही नगरला राहतो. जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले असले तरी आमच्या अम्मींच्या तोंडी अजून नगरच आहे. आम्हा दोघांपैकी एकजण शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, दुसरे कापडबाजाराच्या बाजूला शिवणकामाचे दुकान चालवतात. घरात अम्मी, कॉलेजात जाणारा मुलगा आणि आठवीतली मुलगी. मान एकाची दुखते, पण गेल्या चार वर्षांत त्या दुखण्याभोवती पाचही माणसांचे दिवस बसवावे लागले. त्यामुळे ही हकिकत ‘आम्ही’ अशीच सांगावी लागते.

शिंप्याचे सगळे काम मान खाली घालून असते. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो. मान सरळ असेल तर तेवढेच वजन मणक्यांवर येते. मान पुढे झुकली की भार वाढत जातो. न्यूयॉर्कचे एक शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये याचा हिशेब मांडला होता. त्यानुसार मान 60 अंश झुकवली तर मानेवर सुमारे 27 किलोचा भार पडतो. हा हिशेब मोबाईलवर वाकून बसणाऱ्यांसाठी फार गाजला, पण मशीनवर बसणाऱ्याला तो तितकाच लागू आहे. त्यात रमजानचे शेवटचे दहा दिवस म्हणजे ईदच्या कपड्यांचा हंगाम. तरावीहनंतर सुरू झालेले मशीन सहरीपर्यंत थांबत नसे. बावीस वर्षे असे चालले.

मानेत सात मणके असतात. जिराफाची मान एवढी लांब, तिच्यातही सातच. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते आणि बाजूने नसा हाताकडे जातात. यांच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी सरकून नसेवर आली होती. ती नस अंगठा आणि तर्जनीकडे जाते, म्हणजे नेमकी कात्री धरणारी बोटे. आधी अंगठा बधिर झाला, मग कापड कापताना कात्री हातातून सुटू लागली. गोळ्या, शेक, व्यायाम सगळे झाले. हाताची ताकद कमी होत चालली तेव्हा पुण्याच्या एका खासगी रुग्णालयात ऑपरेशन झाले. मानेच्या पुढच्या बाजूने छेद घेऊन खराब गादी काढायची, तिच्या जागी आधार बसवायचा आणि दोन मणके एकमेकांना जोडून टाकायचे, ही ती पद्धत. जगात ती 1950च्या दशकापासून चालत आली आहे, त्यात नवे काही नाही.

ऑपरेशननंतर कात्रीची पकड बरीचशी परत आली. मानेचे दुखणे मात्र गेले नाही. उलट खांद्याच्या पात्याजवळ आग होऊ लागली, जी आधी नव्हती. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढले. मणके जुळले होते, आधार जागेवर होता. “रिपोर्ट चांगला आहे, ऑपरेशन सक्सेसफुल आहे,” असे सांगून आम्हाला घरी पाठवले गेले. नगर येईपर्यंत एस.टी.त कोणी काही बोलले नाही. ऑपरेशन यशस्वी आणि माणूस दुखण्याने बेजार, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घ्यायला आम्हाला पुढे बराच काळ लागला. जे समजले ते इथे सांगतो, कारण ते कळल्यावरच आमच्या जिवाला थोडी स्वस्थता मिळाली.

पहिली गोष्ट अशी, की मानेचे असे ऑपरेशन मुख्यतः नस मोकळी करण्यासाठी, हाताची ताकद आणखी जाऊ नये म्हणून असते. हातातली कळ त्याने बऱ्याचदा कमी होते. मानेचे स्वतःचे दुखणे तेवढे हमखास जात नाही, कारण ते फक्त गादीतून येत नाही. मणक्यांचे छोटे सांधे आणि स्नायूही त्यात असतात. दुसरे, नस खूप काळ दाबलेली राहिली तर दाब निघाल्यावरही तिची दुखापत उरते. पाटावरून दगड उचलला तरी पाटाला पडलेला खोक लगेच भरत नाही. तिसरे, दोन मणके जोडले की त्यांच्या वर-खालच्या सांध्यांवर जास्त ताण येऊ शकतो. आणि चौथे, महिनोन्महिने दुखत राहिले की मेंदू आणि मज्जारज्जूलाच दुखण्याची सवय लागते. जखम नसतानाही ते धोक्याची घंटा वाजवत राहतात. हे चौथे कारण फोटोत दिसत नाही. म्हणून फोटो चांगला आणि माणूस खोटा, असा अर्थ कोणी काढू नये.

वैद्यकशास्त्रात अशा दुखण्याला पूर्वी ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’ म्हणत. नावातच नापास. डॉक्टरांना ते नाव लागे आणि रोग्यालाही लागे. 2021 मध्ये तज्ज्ञांनी त्याऐवजी ‘पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम’, म्हणजे मणक्याचे चिवट दुखणे, हे नाव सुचवले. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेनेही रोगांच्या आपल्या नव्या यादीत वेगळे स्थान दिले आहे. शाळेत शिकवणाऱ्याला नावाचे महत्त्व सांगावे लागत नाही. वर्गात ज्या मुलाला ‘ढ’ म्हणतात त्याला तोच शब्द चिकटतो. ‘फेल’ हा शब्द आम्ही घरात वापरायचा नाही असे ठरवले.

पुढे नगरमध्येच दुखण्यावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांकडे जाऊ लागलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दुखतं म्हणजे कसं दुखतं?” यांचे उत्तर ठरलेले होते, “बहुत दुखता.” शून्य ते दहामध्ये किती, तर “दस.” चांगल्या दिवशी “थोडासा.” डॉक्टर म्हणाले, घरी जा, आठवडाभर लिहून आणा.

मग शाळेच्या शंभरपानी वहीत आम्ही दुखणे लिहायला बसलो. एका पानावर मराठी, समोरच्या पानावर उर्दू. मराठीत या कामाला शब्द किती आहेत ते तेव्हा ध्यानात आले. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. शिणक, आग, मुंग्या, बधिरपणा, जडपणा, टोचणी, आखडणे, अवघडणे. उर्दूत टीस, चुभन, जलन, कसक. आणि घरातली दखनी तर सगळ्यांत नेमकी. एका रात्री यांनी सांगितले, “पीठ पे अंगारा रखे सरका लगरा.” मुलीने ते जसेच्या तसे लिहून घेतले. वेळही लिहू लागलो. फजरला मान लाकडासारखी, ऊन चढले की थोडी सैल. दुकानातून आल्यावर जडपणा. आग मात्र इशानंतर, अंथरुणावर पडल्यावर.

हे करताना एक गोष्ट वाचनात आली. इब्न सीना, ज्यांचे निधन 1037 मध्ये झाले, त्यांनी आपल्या ‘अल-कानून’ या ग्रंथात दुखण्याचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. टोचणारे, दाबणारे, फाडणारे, भोक पाडणारे, ठणकणारे, जड, बधिर, थकव्याचे, असे एकेक. त्यानंतर साडेनऊशे वर्षांनी, 1975 मध्ये, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनी दुखण्याची प्रश्नावली बनवली. तिच्यात दुखण्याचे 78 शब्द 20 गटांत मांडले आहेत. तीच प्रश्नावली जगभरच्या दवाखान्यांत आज वापरली जाते. हकिमांच्या हकिमाला आणि आजच्या संशोधकाला एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. दुखणे मोजायचे तर आधी ते सांगता आले पाहिजे.

वही पाहून डॉक्टरांनी दोन रंगांच्या पेनाने खुणा केल्या. सकाळचे आखडणे, संध्याकाळचा जडपणा हे सांध्यांचे आणि स्नायूंचे दुखणे. रात्रीची आग, मुंग्या, विजेसारखी चमक हे नसेचे. दोन दुखणी, एकाच मानेत. साध्या वेदनाशामक गोळ्या पहिल्याला थोड्या लागू पडतात, दुसऱ्याला फारशा नाहीत. म्हणूनच आतापर्यंतच्या गोळ्यांनी पोट बिघडले पण आग विझली नाही. नसेच्या दुखण्याला वेगळी औषधे असतात. गॅबापेंटिन, प्रेगॅबालिन ही त्यांतली नावे पुष्कळांनी चिठ्ठीवर पाहिली असतील. त्यांनी सुरुवातीला गुंगी येते, डोस हळूहळू वाढवतात आणि मनाने एकदम बंद करायची नसतात. पहिल्या औषधाने गुण आला नाही, दुसऱ्याने थोडा आला. रात्री सलग पाच तास झोप लागली त्या दिवशी अम्मींनी शेजाऱ्यांना शिरखुर्मा पाठवला. लोकांनी विचारले काय खुशी आहे, तर म्हणाल्या, “बेटा सोया.”

इथे सब्राबद्दल लिहायला हवे. आपल्या घरांतले पुरुष दुखणे सांगत नाहीत, बायका तर त्याहून सांगत नाहीत. सांगितले तर सब्र सुटला असे वाटते. पण सब्राचे उदाहरण म्हणून आपण ज्यांचे नाव घेतो त्या हजरत अय्यूब (अलै.) यांनी आपल्या रबला हाक मारून आपला त्रास सांगितलाच होता, आणि ती हाक कुरआनमध्ये आली आहे. त्रास सांगणे आणि नाराजी दाखवणे यांत फरक आहे. वहीमुळे यांना तो फरक सापडला. दुखते म्हणून चिडणे कमी झाले, कारण चिडण्याऐवजी वापरायला शब्द होते. मुलेही बापाच्या गप्प चेहऱ्यावरून अंदाज बांधायची थांबली. आता सरळ विचारतात, “अब्बू, आज ठणका की आग?” ठणका असेल तर शेकाची पिशवी, आग असेल तर टीव्हीचा आवाज बंद आणि दिवा मंद.

नमाजचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. रुकू आणि सजद्यात मान खाली, सलाम फेरताना मान उजवीकडे, मग डावीकडे. जोडलेले मणके तेवढे वळत नाहीत. चाळीस वर्षांची सवय असलेल्या माणसाला खुर्चीवर नमाज पढणे म्हणजे आपण कामातून गेलो असे वाटते. मशिदीतल्या मौलानांनी शांतपणे समजावले. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना त्यांनी नमाजबद्दल विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना उभ्याने, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर पडून अशी सूट सांगितली होती. ही हदीस सहीह बुखारीत आहे. सवलत दिलेली आहे, तर ती घेण्यात कमीपणा कसला? आता हे खुर्चीवर बसतात, रुकूला थोडे आणि सजद्याला त्याहून थोडे जास्त झुकतात, सलामला जमेल तेवढाच चेहरा वळवतात. वजूसाठी नळाखाली वाकण्याऐवजी स्टुलावर बसून तांब्याने पाय धुतात.

ईदच्या दिवशीची अडचण मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. गळाभेट. नमाज सुटली की दोस्त, भाचे, पुतणे धावत येतात, तीनदा गळ्यात पडतात, आणि प्रत्येक वेळी मानेला हिसका. पहिल्या ईदला घरी येऊन हे दोन दिवस झोपून होते. दुसऱ्या ईदला मुलगा पुढे उभा राहिला, आधी स्वतः गळे मिळायचा आणि हलकेच सांगायचा, “अब्बू हातच मिळवतील.” लोकांनी वाईट वाटून घेतले नाही. सांगितले नसते तर घेतले असते.

आता इयादतबद्दल. आजाऱ्याची विचारपूस हा मुसलमानाचा मुसलमानावर असलेला हक्क आहे, आणि आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाने तो मनापासून निभावला. पण चार वर्षे जुन्या दुखण्याची विचारपूस कशी करावी हे फारसे कोणाला माहीत नसते. “अजून दुखतंच आहे?” हा प्रश्न ऐकला की आजाऱ्याला वाटते, बरे न होणे हा आपलाच गुन्हा. “तब्येत तर चांगली दिसते,” हे ऐकले की वाटते, समोरच्याला खोटे वाटते आहे. शिवाय प्रत्येकाच्या खिशात एक पत्ता असतो. कोणी लेप देणारा, कोणी मान बसवणारा, कोणी हिजामा करणारा. लेपाने आमचे काही बिघडले नाही. हिजामाबद्दल डॉक्टरांना विचारले, त्यांनी ऑपरेशनच्या जागेपासून लांब आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू नसेल तरच, असे सांगितले. मान मोडण्याला मात्र त्यांनी स्पष्ट नाही म्हटले. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये कट्‌कन मान मोडून देतात, तेही चालणार नाही. मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, त्यांना इजा झाली तर माणसाला पक्षाघात होऊ शकतो. ही गोष्ट ऑपरेशन न झालेल्यांनीही लक्षात ठेवावी.

दुकान बंद करायचे की चालवायचे, हा पोटाचा प्रश्न होता. फिजिओथेरपी शिकवणाऱ्या ताईंनी एक सूत्र दिले. दुखेपर्यंत काम करायचे नाही, घड्याळाप्रमाणे करायचे. वीस मिनिटे काम, पाच मिनिटे उठून चालणे, दुखत असो वा नसो. चांगल्या दिवशी माणूस उधळतो, आठवड्याचे काम उरकायला जातो आणि पुढचे चार दिवस पडून राहतो. त्यामुळे चांगल्या दिवसालाच आवर घालावा लागतो. कटिंग टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन ते कोपराच्या उंचीला आणले. मशीन आता कारागीर चालवतो, हे माप घेणे आणि कटिंग करतात. पट्टा गळ्यात आहे, पण जास्त वाकून घ्यायची मापे मुलगा घेतो आणि हे वहीत लिहितात. मानेचा कॉलर डॉक्टरांनी फक्त प्रवासापुरता ठेवला आहे, कारण सतत घातला तर स्नायू दुबळे होतात. एस.टी.त मागच्या चाकावरची सीट घ्यायची नाही. पिठाचा डबा, गॅसची टाकी, पाण्याचा जार यांना हात लावायचा नाही. उशी एकच, आणि पातळ.

पुन्हा ऑपरेशन करावे का, हे दोन डॉक्टरांना विचारले. दोघांचे म्हणणे वेगळे पडले. एकाने वरच्या गादीचे आताच करून टाका म्हटले, दुसऱ्याने हाताची ताकद शाबूत आहे तोवर थांबा म्हटले. आम्ही थांबलो आहोत. पण काही लक्षणे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावली आहेत. हाताची ताकद अचानक कमी होणे, बटण लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवी किंवा शौचावर ताबा न राहणे, ताप येऊन मान फार दुखणे. यांतले एक जरी दिसले तरी वहीत लिहीत बसायचे नाही, लगेच रुग्णालय गाठायचे.

एक अडचण अशी, की हे दुखणे कागदावर कुठेच बसत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचे अपंगत्व आहे, त्यात नुसते चिवट दुखणे हा प्रकार नाही. हात-पाय हलतात, चेहरा ठीक, रिपोर्ट ठीक. त्यामुळे अशा माणसाचे म्हणणे खरे मानणारे पहिले कार्यालय म्हणजे त्याचे घर. घरानेच शंका घेतली तर त्याने जायचे कुठे?

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्या बायकांनी आपापली गावे सांभाळली. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या गावांतल्या बायका एवढे शिकू शकल्या, तर आपल्या माणसाचे दुखणे ओळखायला, लिहायला आणि त्याप्रमाणे दिवस लावायला कोणतेही घर शिकू शकते. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण पुढचे रोजचे काम घरातच होते.

आज यांचे दुखणे दहावर नसते. बहुतेक दिवस चार, कधी सहा, बेमोसमी ढग आले की सात. हे दुकानात चार तास बसतात आणि घरी येऊन मुलीचा गृहपाठ घेतात. पूर्ण शिफा अल्लाहच्या हातात आहे आणि ती दुआ रोज चालू आहे. वही आता तिसरी.

वाचक भगिनी-बंधूंनो, तुमच्या ओळखीत असे कोणी असेल तर जरूर भेटायला जा, दहा मिनिटे बसा. नवा पत्ता, नवे औषध घेऊन जाऊ नका. “अजून दुखतंय का?” असे विचारू नका. विचारा, “आज कसं दुखतंय?” आणि त्याला शब्द सापडेपर्यंत थांबा.